बेस हाय

"कानातलं काढा, आजी. केसांत आकडा असेल तर तोही काढा," स्कॅनच्या खोलीतली मुलगी म्हणाली.

आईंनी एक कुडी काढून माझ्या हातात ठेवली. दुसरीची फिरकी निघता निघेना. बहुतेक लग्नापासून ती कोणी हलवलीच नसावी. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "नको, जमतंय." कान लालभडक झाला तरी त्यांचं जमतंयच चाललं होतं. शेवटी मी न विचारता हात घातला आणि जोर लावून ती फिरकी सोडवली.

"दुखलं का हो?"

"नाय गं. बेस हाय."

डोक्याचं स्कॅन करून घ्यायला आलेली बाई बेस हाय म्हणते, तिच्यापुढे माणसाने काय बोलावं! मी दोन्ही कुड्या रुमालात बांधल्या आणि बाहेर बाकावर येऊन बसले.

आई म्हणजे इंदूबाई, माझ्या सासूबाई. वय चौसष्ट. साजगावच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं पॅकिंगचं काम केलं. खोके चिकटवायचे, भरायचे, रचायचे. माझे सासरे गेले, नंतर यांच्या गुडघ्यांनीही कुरकुर सुरू केली, तेव्हा राजेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना घरी बसवलं. खालापूरला आमचं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवीचं घर आहे. लग्न होऊन या घरात आल्याला मला अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात कशाला नाव ठेवलेलं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भात कच्चा राहिला, बेस हाय. साडीचा रंग आवडला का, बेस हाय. माझ्या माहेरी, शेलूला, बायका माझा हेवा करायच्या आणि मीही तो मजेत करून घ्यायचे.

गेले तीन महिने आईंना चक्कर येत होती. सुरुवातीला नुसत्या भिंत धरून चालायच्या. विचारलं की, "काय नाय, उठताना तोल गेला." मग एकदा सकाळी साडेअकराच्या सुमारास हातातल्या सुपासकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडल्या. मी पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कामात बुडालेली. शेजारच्या सुरेखाने खिडकीतून आरडाओरडा केला तेव्हा मला कळलं. जमिनीवर सगळीकडे तांदूळ पसरलेले आणि आई त्यातच बसून तांदूळ गोळा करत होत्या.

त्यांची धाकटी बहीण, सोनुबाई, अशीच गेली. आधी चकरा, मग डोक्यात गाठ निघाली आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. आमच्या घरात तीन महिने सोनुमावशीचं नाव कोणी काढलं नव्हतं. पण डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. राजेश तर रात्री उठून आईचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायचा.

खोपोलीच्या डॉक्टरांनी परोपरीने विचारलं होतं. चक्कर झोपून उठल्यावर येते का? मान वळवली की येते? उपाशीपोटी? दिवसातल्या ठरावीक वेळी? आई माझ्याकडे बघायच्या, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि म्हणायच्या, "अशीच. कंदी बी." डॉक्टरांनी बीपी पाहिलं, कान पाहिले, शेवटी हात टेकले आणि स्कॅन लिहून दिलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगते. ते काम काय आहे हे माझ्या माहेरच्यांना अजून नीट समजलेलं नाही, तेव्हा तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका. मी रंग फिरवते. कर्जतला एका दुकानात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करता करता मी वेबसाइट बनवायला शिकले आणि तिथून या वळणाला लागले. एक लिंक उघडायची, मोबाइल एका प्लास्टिकच्या चष्म्यात अडकवायचा आणि तो चष्मा डोळ्यांवर बांधायचा. मग तुम्ही खालापुरात नसता. चारही बाजूंनी रंग उमलतात, पाकळ्यांतून पाकळ्या निघतात, भिंती वितळतात, पायाखालची जमीन मोरपिसाची होते. मान वळवाल तिकडे तेच. काही डाउनलोड करायचं नाही, सगळं साध्या ब्राउझरमध्ये. प्रत्येक ठिपक्याने कुठल्या क्षणी कुठला रंग घ्यायचा, ते मी गणिताने लिहून ठेवते. याला सायकेडेलिक म्हणतात. आईंना मी पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हटलं होतं, नशा न करता नशेतलं दिसतं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग ताडीचा खर्च वाचला."

माझं गिऱ्हाईक म्हणजे देवेश. मुंबईचा माणूस, कर्जतच्या पुढे त्याचं फार्महाऊस. शनिवार-रविवारी तिथे दमलेली माणसं येतात, गाद्यांवर आडवी होतात आणि चष्मे लावून माझे रंग बघतात. दर आठवड्याला देवेशचा निरोप यायचा, "नम्रता, मस्त आहे, पण अजून ट्रिपी कर." म्हणजे नशा अजून चढल्यासारखी वाटू दे. मी फिरण्याचा वेग वाढवायचे.

पण वेग किती वाढवायचा हे मला माझं कळत नाही. दिवसभर तेच बघून माझे डोळे निबर झालेत. ताजं माणूस लागतं. राजेश दोन मिनिटांत चष्मा काढून म्हणतो, "छान आहे, डबा भरलास का?" आमची ऋतिका नऊ वर्षांची, आणि तेराच्या आतल्या मुलांना देऊ नये असं त्या खोक्यावरच छापलंय. उरल्या आई. रोज सकाळी अकराला, शेगडी बंद केली की त्या पदर खोचून माझ्या खुर्चीत येऊन बसायच्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. पंधरा मिनिटं. काढल्यावर मी विचारायचे, कसं वाटलं?

"बेस हाय."

"फार फिरतंय का?"

"नाय नाय. बेस हाय."

मी खूश होऊन वेग आणखी वाढवायचे.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. गणित करून पोट भरणारी बाई मी, आणि अकरा वाजता चष्मा अन् साडेअकराला चक्कर ही साधी बेरीज मला तीन महिन्यांत जमली नाही. आई म्हणताहेत ना बेस हाय, मग तिकडे बघायचं कशाला?

स्कॅन पाच मिनिटांत झालं. रिपोर्ट मात्र संध्याकाळी पाचला मिळणार होता आणि तो घेऊन डॉक्टरांना दाखवायचा होता. तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घरी जाऊन परत येण्याचं त्राण दोघींनाही नव्हतं. आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो, डब्यातली भाकरी अर्धी अर्धी खाल्ली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा बघत राहिलो.

तीनच्या सुमारास आई म्हणाल्या, "माझी पेटी हाय ना, तिच्यात वरती हिरवं लुगडं हाय. ते सुरेखाला दे."

"कशाला?"

"मी पडले तवा तिनंच पाहिलं ना. आनि खालचं कापड ऋतिकाला. ती मोठी झाली की."

"अहो आई, असं काय बोलताय?"

"बोलून ठेवलेलं बरं. सोनूनं काय सांगितलंच नाय कुनाला. तिची गळ्यातली डोरली कुठं गेली, अजून गावली नाय."

मी त्यांचा हात धरला. एरवी आम्ही दोघी काही हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हे. त्यांचा तळवा खरखरीत होता, डिंकाने वर्षानुवर्षं सोलून निघालेला. मी मनात म्हटलं, ही बाई जाऊ नये. आमच्या घरात ही बाई असावी. दुसरं काही मागणं त्या वेळी मला सुचलंच नाही.

साडेपाचला डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांनी ती काळी फिल्म उजेडापुढे धरली, एकदा सरळ, एकदा तिरकी. आई त्या फिल्मकडे बघतच नव्हत्या, त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "अगदी स्वच्छ आहे. या वयात एवढं चांगलं डोकं मी कमी पाहिलंय, आजी."

"गाठ?"

"नाही."

"बारीकशी? आत कुठं दडलेली?"

"बारीकशीसुद्धा नाही."

आईंनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या. खांदे हलत होते, आवाज नाही, आणि डोळ्यांतून पाणी. मी तर डॉक्टरांसमोरच भोकाड पसरलं. डॉक्टर बिचारे एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. शेवटी त्यांनी कागदावर एक गोळी खरडली आणि म्हणाले, "चक्कर कशाने येते ते मात्र शोधावं लागेल. कधी येते ते लिहून ठेवा."

बाहेर उसाच्या रसाची गाडी होती. आईंनी आपणहून एक ग्लास मागितला, तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. मी त्यांना असं मागताना कधी पाहिलं नव्हतं. दुसरा अर्धा झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"म्हंजे ती तुझ्या चष्म्याचीच चक्कर," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी ग्लास हातातच फिरवला. बोलून गेल्या खऱ्या, आता मागे घेता येत नव्हतं.

"आयतवारी तू काम करत नाय ना, तवा येत नाय मला. ऋतिकाच्या परीक्षेत चार दिस तू मशीन बंद ठेवलंवतं, तवा बी नाय आली. मला वाटायचं, आत गाठ असंल नि चष्मा लावला का ती हालत असंल. आता गाठ नाय म्हंजे चष्माच."

"अहो, मग सांगायचं ना! डॉक्टर एवढे विचारत होते."

"तुझ्यासमोर कसं सांगू?"

"का नाही?"

त्यांनी ग्लास गाडीवर ठेवला आणि मला गोष्ट सांगितली. कारखान्यात त्यांच्या शेजारी सुंदरा नावाची बाई बसायची. डिंकाच्या वासाने तिला गरगरायचं. एक दिवस ती सुपरवायझरला म्हणाली, साहेब, गरगरतंय, खिडकी उघडा. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, येऊ नकोस, तब्येत सांभाळ. तिच्या जागी दुपारपर्यंत दुसरी बाई बसलीसुद्धा. त्यानंतर आई तिथे होत्या तोवर त्या रांगेतल्या एकाही बाईला गरगरलं नाही.

"आमी सगळ्या बेस होतो," आई म्हणाल्या. "गरगरतंय म्हटलं का काम जातं, एवढं मला कळतं. तुझं काम गेलं असतं."

"अहो, पण तुम्हाला तिथे मी बसवत होते. मीच तर सुपरवायझर."

"तुझ्या वर तो फारमवाला हाय ना. त्याला कळलं असतं, सासू पडते म्हनून."

हलकं वाटत होतं, इतकं की रस्त्यावर ओरडावंसं वाटत होतं, गाठ नाही, गाठ नाही. आणि त्याच वेळी लाजेने कान तापले होते. तीन महिने मी माझ्या हाताने त्यांना गरगर फिरवत होते आणि वर विचारत होते, अजून थोडं वाढवू का.

"निदान डोळे तरी मिटायचे होते," मी म्हटलं. "चष्म्याच्या आत मला थोडंच दिसणार होतं?"

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वाईट बोलले होते.

"डोळे मिटून बसायचं नि पायलं म्हनायचं? कामात असं करत नाय गं."

तिथूनच मी राजेशला फोन केला. आधी सांगितलं, गाठ नाही. मग त्याने नाक ओढलं. मग मी सांगितलं, तुझ्या आईला चक्कर मी आणत होते. तो इतका मोठ्याने हसला की फोन लांब धरावा लागला. "तिला म्हणावं, बेस हाय का," तो म्हणाला. मी नाही म्हटलं ते.

दुसऱ्या दिवशी अकराला मी त्यांना बोलावलंच नाही. एकटीच यंत्रापुढे बसून वेग निम्म्यावर आणला होता, पण नुसत्या वेगाने भागणार नाही हे कळत होतं. शेगडी बंद झाल्याचा आवाज आला आणि आई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या.

"बसू का?"

"नको. आता तुम्हाला नाही बसवायचं."

"मंग कोन बसंल?" त्या आत आल्या. "तुला काय ठीक करायचंय, ते बिना बघता कसं ठीक होनार?" त्या खुर्चीत बसल्या. चष्मा हातात घेतला, पण लावला नाही. "एक सांगू का? तुझ्या त्या रंगांत पाय ठेवायला जागाच नाय. सगळंच फिरतं. आमी पावसात नदी पार करून कामाला जायचो ना, पानी मांडीपातुर. तवा पान्याकडं बघायचं नाय. पान्याकडं बघितलं का डोकं फिरलंच. पल्याडचं एक झाड धरायचं डोळ्यानं नि चालायचं. तुझ्यात झाडच नाय."

मी तासभर खपून रंगांच्या मधोमध एक काळी उभी रेघ घातली. साधी, जाड, खांबासारखी. भोवती काहीही वितळो, उमलो, ती हलणार नाही. आईंचं झाड. देवेशने नंतर ते पाहिलं आणि विचारलं, "हे जरा कमी ट्रिपी झालंय का?" मी म्हटलं, हो, झालंय. त्याने ते घेतलं. फार्महाऊसवरच्या लोकांना आधीही मळमळत होतं म्हणे, पण त्यांना वाटायचं, मळमळतंय म्हणजेच थकवा निघतोय!

पण ते मागाहून. त्या दिवशी आईंनी चष्मा लावला, हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली. मी घड्याळाकडे बघत उभी होते. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट. त्यांची बोटं गुडघ्यावर आवळली गेली. मी पुढे होणार, एवढ्यात त्यांनी उजवा हात वर केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "गरगरतंय."

मी झटकन बंद केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी रागावते का, कपाळाला आठी पडते का, हे बघत असाव्यात. मी बसले, वेग आणखी खाली आणला, रेघ थोडी जवळ घेतली.

"आता बघा."

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा एक मिनिट झालं. दोन झाली. या वेळी बोटं आवळली नाहीत. मान सावकाश डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग वर. पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आता डोकं ठीक हाय. पन तो जांभळा नको. मेलेल्या मानसाच्या नखासारखा दिसतो."

मी जांभळा काढला.

"नि तो मधला भाग लय लांबतो. कंटाळा येतो."

मी मधला भाग छाटला. मला वाटलं, झालं. पण आई खुर्चीतून उठेनात. मांडीवरच्या चष्म्याचा पट्टा सरळ करत राहिल्या.

"आनि ऐक," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीतला पंखा रातभर वाजतो."

"कधीपासून?"

"दोन वरसं झाली असतील. नि ती तू आनलेली उशी. मान अवघडते तिच्यावर. मागल्या दिवाळीचं पोलकं काखेत काचतं. नि राजेश मोबाइलवर बोलतो तवा लय मोठ्यानं बोलतो, त्याला कोनीतरी सांगा."

मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. त्यांचं अजून संपलं नव्हतं. त्या जमिनीकडे बघून, एक एक आठवून सांगत होत्या आणि मी हसणं थांबवून ऐकायला लागले.

"नि दुधाचा चा," आई म्हणाल्या. "मला नाय आवडत. कंदीच नाय आवडला. मी कोरा पित होते."

अकरा वर्षं रोज दोन वेळा मी त्यांच्या हातात दुधाचा चहा देत आले होते. आलं ठेचून, साय बाजूला करून, पहिला कप त्यांचा.

उठून आत गेले, पातेलं ठेवलं आणि कोरा चहा केला. बाहेर आणून त्यांच्या हातात दिला आणि समोर स्टुलावर बसले. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले.

"कसा झालाय?" मी विचारलं.

त्यांनी दुसरा घोट घेतला. जरा विचार केला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि बशी माझ्यापुढे धरली.